घरची यादी आणि पाहुण्यांची यादी

स्वतःच्या शहराबद्दल पाहुण्यांशी खोटं बोलणं हे प्रत्येक सुजाण नागरिकाचं पहिलं कर्तव्य आहे. कर भरणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, सिग्नलला थांबणं ही कर्तव्यं त्यानंतर येतात आणि त्यांत अधूनमधून सूटही मिळते. या कर्तव्यात मात्र सूट नाही. जो माणूस पाहुण्याला आपलं खरं आवडतं दुकान दाखवतो, तो उद्या घराची किल्लीही दारातच टांगून गावाला जाईल, अशी जाणत्यांची धारणा आहे.

म्हणून या शहरात प्रत्येक घरी दोन याद्या असतात. पाहुण्यांची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते आणि ती मोठ्या आवाजात सांगायची असते: स्टेशनासमोरची गुलाबी बेकरी, कारंज्याची बाग, काचेच्या लिफ्टचा बाजार आणि तळ्यातली होडी (होडी गळते, पण तळं उथळ आहे). घरची यादी कुठंच लिहिलेली नसते. ती हळू आवाजात, दार लोटून, घरच्याच माणसाला सांगितली जाते, आणि तीही पूर्ण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या शहरात शाळेत शिकवावी लागत नाही.

या परंपरेचे सगळ्यात निष्ठावान पाईक म्हणजे जाणकार. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात आहे, ते तिथंच असू द्या. पाणीपुरवठा विभागात ते उपमुख्य लिपिक. उमेदवारीच्या काळात वीस वर्षं मीटर तपासत गल्लीबोळ तुडवल्यामुळे शहरातली एकही पायरी त्यांना परकी नव्हती. कुठल्या घड्याळजीला डाव्या डोळ्यानं नीट दिसतं, कुठला शिंपी माप न घेता बेतशीर शिवतो, टेकडीवरच्या टाकीमागे कुठल्या बाकावर बसलं की शहराची फक्त पाठ दिसते (आणि पाठच बरी आहे), हे सगळं त्यांना ठाऊक. ऑफिसातले लोक त्यांना विचारायचे, "जाणकार, चांगला पाव कुठं मिळतो हो?" जाणकार चष्मा पुसायचे, क्षणभर विचार केल्यासारखं करायचे आणि शांतपणे सांगायचे, "गुलाबी बेकरी."

गुलाबी बेकरीचा पाव तेव्हा कापसासारखा होता. मऊ या अर्थानं नव्हे, चवीच्या अर्थानं.

घरच्या यादीत दुकान घालण्यासाठी जाणकारांनी काही अटी ठरवल्या होत्या. दुकानाला पाटी नसावी. मालकानं पहिल्या भेटीत हसू नये. दुसऱ्या भेटीत हसला तर चौकशी करावी. पत्ता सांगताना "आणि मग तिथं कुणालाही विचारा" हे वाक्य यायला हवं, आणि तिथं विचारायला कुणीही असू नये. शिवाय मालकानं गिऱ्हाइकाला किमान एकदा तरी "संपलं" असं तोंडावर सांगितलेलं असावं. ज्या दुकानात हवी ती वस्तू हवी तेव्हा मिळते, त्याला जाणकार दुकान म्हणतच नसत, गोदाम म्हणत.

यादीचं महत्त्व एवढं, की ती लग्नातही विचारात घेतली जाते. जाणकारांच्या पत्नीनं माहेराहून येताना एक छत्री दुरुस्त करणारा, एक घड्याळजी आणि अर्धा शिंपी आणला होता (उरलेला अर्धा तिच्या धाकट्या बहिणीकडे गेला, दोघी आळीपाळीनं कपडे टाकत). जाणकारांनी आपल्या बाजूनं टाकीमागचा बाक आणि एक चष्मेवाला दिला. संसार सुखाचा झाला. फक्त एक जागा त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

ती जागा म्हणजे पावाची खोली.

जुन्या पंपघराच्या मागं एक बोळ आहे. बोळाच्या टोकाला तीन पायऱ्या खाली उतरल्या की हिरवं दार, दारात एक फळी, फळीमागं भट्टी आणि भट्टीपुढं भट्टीकाका. वय सत्तरीच्या पलीकडचं, भुवयांवर कायम पीठ, स्वभाव तापलेल्या ट्रेसारखा. रोज पहाटे ते पंचेचाळीस पाव भाजत. सेहेचाळिसावा कधी नाही. पावाची कड जाड, जवळजवळ काळी, आणि आतला भाग असा की तो खाताना माणूस बोलायचं थांबत असे. बावीस वर्षांपूर्वी मीटर तपासायला गेलेल्या जाणकारांना काकांनी रागानं एक तुकडा हातात कोंबला होता, तोंड बंद व्हावं म्हणून. जाणकारांचं तोंड त्या विषयापुरतं कायमचं बंद झालं. पाव घरी आणला की ते म्हणत, "ऑफिसजवळ एक जण विकत होता." बायको कड मोडून खाई आणि काही विचारत नसे. जाणकारांना वाटायचं, बिचारी भोळी आहे.

इथं एक तांत्रिक बाब स्पष्ट करणं आवश्यक आहे. आवडतं दुकान आणि नेहमीचं दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणकारांनी यासंबंधी एक पाहणी केली होती (नमुना एक व्यक्ती, प्रतिसाद शंभर टक्के, उत्तर देणारे तेच). तिचा निष्कर्ष असा, की नागरिक आवडत्या दुकानाची दिवसातून सरासरी दोनदा आठवण काढतो, महिन्यातून एकदा त्याच्यासाठी उसासा टाकतो आणि वर्षातून तीन वेळा तिथं जातो. रोजचा पाव जाणकार इमारतीच्या खालच्या दुकानातून, प्लास्टिकच्या पिशवीतला, आणत. ते दुकान वाटेवर पडत असे. प्रेम वाटेवर पडत नाही, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता.

एकदा साडूभाऊ राहायला आले. साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मोठ्या शहरातले. त्यांच्या फोनमध्ये दुकानांना तारे दिलेले असत आणि चारच्या खाली तारे असतील तर ते पाणीसुद्धा पीत नसत. आल्या आल्या ते जाणकारांना म्हणाले, "साडूभाऊ, ते फोनमधलं सोडा. तुम्ही इथले मुरलेले. तुमच्या खास जागा दाखवा."

"दाखवतो की. तुमच्यापासून काय लपवायचं?" जाणकार म्हणाले आणि त्यांना गळक्या होडीत घेऊन गेले.

त्या रविवारी साडूभाऊंना यादीतलं सगळं क्रमानं दाखवण्यात आलं. कारंजं बंद होतं, तेव्हा जाणकारांनी ते चालू असताना कसं दिसतं हे हातवारे करून सांगितलं. काचेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये दहा मिनिटं अडकली. त्यामुळे बाजार निवांतपणे पाहता आला. शेवटी गुलाबी बेकरी. साडूभाऊंनी पावाचा घास घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "वा! काय चव आहे!" जाणकारांना आतून इतका आनंद झाला, की त्यांनी साडूभाऊंना आणखी दोन पाव बांधून दिले. माणूस कितीही मोठ्या शहरातला असो, त्याला सन्मानानं फसवणं यातच खरा पाहुणचार आहे.

पुढं नगरपालिकेला शहराची ओळख करून देण्याची लहर आली. (शहराला पाणी देण्याची लहर त्या वर्षी आली नव्हती.) 'आपलं शहर: वीस आवडत्या जागा' नावाची पुस्तिका काढायचं ठरलं आणि सात अनुभवी नागरिकांची समिती नेमली गेली: एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक दातांचे डॉक्टर, एक वकीलसाहेब, ग्रंथपाल, विमा एजंट, वाहतूक निरीक्षक आणि अर्थातच जाणकार. प्रत्येकानं आपापल्या आवडत्या वीस जागा बंद पाकिटात द्यायच्या होत्या.

पाकिटं उघडली. सातही याद्या शब्दशः सारख्या निघाल्या. पहिल्या क्रमांकावर सातही ठिकाणी गुलाबी बेकरी होती. इतिवृत्तात नोंद झाली, की समितीत अभूतपूर्व एकमत झालं. सातही सभासदांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि सातही जण घरी जाताना मनात म्हणाले, "बिचाऱ्यांना खरी जागा माहीतच नाही."

पुस्तिका तडाखेबंद खपली आणि त्यानंतर जे घडलं त्याचा दोष पुस्तिकेला देता येणार नाही, कारण तिनं आपलं काम चोख केलं. गुलाबी बेकरीपुढे रांगा लागल्या. रांगा लागल्यामुळे शिळा पाव उरेना. शिळा उरेना म्हणून ताजा करावा लागला. ताज्याची सवय झाल्यावर मालकाला लाज वाटू लागली आणि त्यानं चांगला भट्टीवाला आणला. दोन वर्षांत गुलाबी बेकरीचा पाव खरोखरच चांगला झाला. होडीचं भोकही बुजवलं गेलं. कारंजं चालू झालं. खोटं इतक्या जणांनी इतक्या मनापासून सांगितलं, की ते नाइलाजानं खरं झालं.

जाणकारांना हा धक्का होता. पण खचतील ते जाणकार कसले? त्यांनी मनाशी म्हटलं, "होऊ दे चांगला. आपली खोली आहे ना."

आणि त्या वर्षीच्या तिसऱ्या भेटीला ते पावाच्या खोलीत गेले.

सकाळचे साडेदहा झाले होते. फळीवर एकवीस पाव तसेच पडून होते. जाणकारांनी ते मोजले नव्हते, काकांनीच सांगितलं. आणखी नवल म्हणजे काकांनी त्यांना स्टूल दिलं. बावीस वर्षांत त्या खोलीत स्टूल आहे हेच जाणकारांना माहीत नव्हतं.

"साहेब, ती नगरपालिकेची पुस्तिका तुम्हीच काढलीत म्हणे?"

"समितीनं काढली. मी आपला एक सभासद."

"त्यात आमचं नाव घालायचं राहिलं का?"

जाणकारांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "राहिलं नाही काका. मुद्दाम नाही घातलं. तुमच्याच भल्यासाठी. उद्या गाड्या भरभरून लोक येतील, फोटो काढतील, उभ्या उभ्या घाई करतील. तुमचा पाव बिघडेल. गर्दीनं भलेभले बिघडतात."

काकांनी भुवईवरचं पीठ पुसलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त वाईट.

"बिघडवा की मग मला थोडं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं चांगला राहून बघितलं, साहेब. येतं कोण? हिवाळ्याआधी भट्टीच्या विटा बदलायच्या आहेत. आतली कमान खचलीय. रोज निम्मे पाव उरतात, विटा कुठून आणू? पुन्हा छापणार आहेत ना पुस्तिका? एक ओळ घाला. पत्ता चुकला तरी चालेल."

जाणकारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. या माणसावर आपलं प्रेम आहे हे त्यांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं, आणि त्यांनी त्या प्रेमाला शोभेल असा शब्द दिला: "बघतो."

दुसऱ्या आवृत्तीची बैठक महिनाभरात झाली. योगायोगानं एक पान रिकामं होतं. काचेच्या लिफ्टनं अखेर खाली न येण्याचा निर्णय घेतल्यामुळे ती जागा वगळण्यात आली होती. जाणकारांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पावाची खोली, पंपघरामागं, तीन पायऱ्या खाली. अध्यक्ष मुख्याध्यापिकांनी विचारलं, "या पानासाठी कुणाला काही सुचतंय?"

जाणकारांचा हात खिशाकडे गेला. त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं: ते तीन पायऱ्या उतरताहेत आणि खाली साडूभाऊ उभे आहेत, एका हातात पाव, दुसऱ्या हातात फोन, आणि काकांना विचारताहेत, "कड जरा पातळ करता येईल का?" हात खिशापर्यंत जाऊन छाती खाजवून परत आला.

डॉक्टर म्हणाले, "तसं एक ठिकाण आहे..." आणि त्यांना जोराचा खोकला आला. वकीलसाहेब म्हणाले, "माझ्या माहितीत एक..." आणि मग माहिती अपुरी असल्याचं त्यांनी निवेदन केलं. ग्रंथपालबाई खिडकीबाहेर बघत होत्या. निरीक्षकांनी पाण्याचा तिसरा ग्लास प्यायला. मग विमा एजंटनं तोडगा सुचवला आणि तो एकमतानं मंजूर झाला. दुसऱ्या आवृत्तीच्या एकोणिसाव्या पानावर आजही छापलेलं आहे: टिपणांसाठी जागा.

जाणकार घरी आले. चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. माणूस शेवटी संवेदनशील होता. त्यांनी ठरवलं, की आपण एकट्यानं काकांना जगवायचं. आता दर आठवड्याला जायचं. पहिल्या आठवड्यात पाऊस होता. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात तपासणी होती. तिसऱ्या आठवड्यात ते निघाले होते, पण खालच्या दुकानात पाव दिसला आणि वाटेवरच होता.

हिवाळा लागला तेव्हा काकांचा फोन आला. "साहेब, येत्या रविवारी शेवटची भट्टी. तुम्ही जुने. म्हटलं कळवावं. दारावरही खडूनं लिहून ठेवलंय."

रविवारी जाणकार उजाडताच घराबाहेर पडले. बायको त्याआधीच उठून बहिणीकडे गेली होती, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. शेवटचा पाव आपण आणि काका, दोघंच, त्या खोलीत बसून खायचा, दोन शब्द बोलायचे, चुकलं म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रस्ताभर ते चुकलं कसं म्हणायचं याची तयारी करत होते.

पंपघराच्या कोपऱ्यावर वळले आणि थांबले. बोळाच्या तोंडापासून पंपघराच्या फाटकापर्यंत रांग होती.

रांगेत दातांचे डॉक्टर होते. वकीलसाहेब होते. ग्रंथपालबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. वाहतूक निरीक्षक सवयीनं रांग सरळ करत होते. मुख्याध्यापिका डोळे पुसत होत्या. विमा एजंट त्यांना सांगत होता, "अहो, मी अठरा वर्षं येतोय इथं. माझी खास जागा आहे ही. कुणालाही सांगितली नव्हती." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी एकतीस वर्षं." आणि त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं गृहपाठ केला नव्हता.

रांगेत पुढून बाराव्या क्रमांकावर जाणकारांची बायको होती.

"तू? तू तर बहिणीकडे गेली होतीस ना?"

"तुम्हाला कुणी सांगितली ही जागा?" ती म्हणाली.

"मला? मी बावीस वर्षं येतोय!"

"माझे वडील मला इथं खांद्यावर बसवून आणायचे. तुम्ही आणलेल्या पावाची कड मोडली तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं, ह्यांना सांगायचं नसेल, तर आपण तरी का सांगावं?"

एका घरात बावीस वर्षं दोन माणसं एकाच भट्टीचा पाव एकमेकांपासून लपवून खात होती. जाणकारांना रागही येईना आणि हसूही येईना. भोळं कोण होतं ते मात्र कळलं. ते मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेले. दोनशे चौदावा नंबर.

साडेसातला हिरवं दार उघडलं. भट्टीकाका पायऱ्या चढून वर आले, बोळात उभे राहिले आणि त्यांनी रांग नजरेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तुम्ही एवढे सगळे होतात?" ते म्हणाले. "मला वाटायचं, दहा-बारा जण असाल."

मागून कुणीतरी हुंदका दिला. काकांनी मान हलवली, खाली गेले आणि नेहमीसारखे पंचेचाळीस पाव विकले. सेहेचाळिसाव्याला, आणि पुढच्या सगळ्यांना, त्यांनी तोंडावर सांगितलं, "संपलं." जाणकारांपर्यंत तो शब्द माणसामाणसातून आला. चुकलं म्हणायला ते पायऱ्या उतरून गेले तेव्हा काका भट्टीचं तोंड विटांनी बंद करत होते आणि त्यांना ऐकू कमी येत होतं. बायकोनं घरी आल्यावर आपल्या पावाचा अर्धा तुकडा त्यांच्यापुढं ठेवला. तो त्यांनी खाल्ला. दोघंही बोलली नाहीत, पण यावेळी त्याचं श्रेय पावाला देता येणार नाही.

यानंतर शहरानं जी तत्परता दाखवली तिला तोड नाही. दोनच दिवसांत 'पावाची खोली बचाव समिती' स्थापन झाली. सभासद दोनशे चौदा (काका सभासद होऊ शकले नाहीत, ते लेकीकडे राहायला गेले होते). हळहळ व्यक्त करणारे एकशे नव्वद लेख, कविता व फोटो प्रसिद्ध झाले. शहरातला खरा माणूस कसा हरवत चालला आहे, यावर वकीलसाहेबांनी गुलाबी बेकरीच्या वरच्या मजल्यावर व्याख्यान दिलं. नंतर ताजा पाव होता. पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत खोलीला पहिला क्रमांक मिळाला, मुखपृष्ठावर हिरवं दार आलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच त्या दाराला पाटी लागली. पाटी पितळेची आहे. पाहुणे आता तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. साडूभाऊंनी तिला पावणेपाच तारे दिले आहेत.

जाणकार आता निवृत्त झाले आहेत. कुणी विचारलं तर ते सगळं खरं सांगतात, घरच्या यादीसकट. अडचण एवढीच, की यादीत आता टाकीमागचा बाक तेवढा उरला आहे, आणि तिथं काही विकत घ्यावं लागत नाही.

ही हकीकत वाचताना तुम्हाला जाणकारांचा राग आला असेल. यायलाच हवा. पण मधेच कुठंतरी तुमच्या डोळ्यांपुढं एक दुकान येऊन गेलं. अगदी छोटं, जरा आडबाजूला, फक्त तुम्हालाच माहीत असलेलं. नाव सांगू नका, मी विचारत नाही. तिथं शेवटचं कधी गेला होतात, हेही विचारत नाही. बातमी कळेल तेव्हा फक्त थोडं लवकर निघा. रांगेत मी तुमच्या पुढंच उभा असेन.